खांबाच्या अलीकडे

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. ऐकीव नाही. चार तोंडं फिरून, तिखटमीठ लागून आलेलं नाही. तिने मला समोर बसवून सांगितलं, आणि सांगता सांगता दोनदा उठून पाणी प्यायली.

एक आधीच सांगतो. अशा गोष्टी मध्यरात्रीच्या असतात. अंधार असतो, कुत्रं रडत असतं.

ही दुपारची आहे.

साडेबारा ते दीड. डोक्यावर लख्ख ऊन. लपायला सावलीसुद्धा नाही.

मावशी इंजिनिअर आहे. सात वर्षांपूर्वी तिची एका टेकडीवरच्या स्टेशनवर नेमणूक झाली. रेल्वेचं स्टेशन नाही, लेसरचं. आकाशात काही उपग्रह फिरतात, त्यांच्या अंगभर छोटे आरसे बसवलेले असतात. जमिनीवरून त्यांच्यावर लेसरचा झटका मारायचा, तो आरशावर आपटून परत येतो, आणि जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरून उपग्रह किती लांब आहे ते कळतं. जगभरातल्या अशा स्टेशनांचे आकडे एकत्र केले की समुद्र किती चढला, जमीन किती सरकली, ते समजतं.

हजारो किलोमीटरचं अंतर, आणि चूक मिलीमीटरमध्ये मोजतात.

मावशीच्या स्टेशनचा आकडा सहा मिलीमीटर जास्त यायचा. रोज. वर्षानुवर्षं.

"सहा मिलीमीटर?" मावशीचे यजमान, आमचे काका, फोनवर हसले होते. "एवढ्यासाठी घरदार सोडून टेकडीवर चढलीस? माझ्या मिशीचा केस याहून लांब आहे."

"समुद्र वर्षाला तीन-चार मिलीमीटर चढतो," मावशी म्हणाली. "आम्ही जवळजवळ दोन वर्षांचा समुद्र खोटा सांगतोय. आणि वर्षअखेरीपर्यंत चूक सापडली नाही तर आमचे आकडे कोणी घेणार नाही. स्टेशन बंद."



स्टेशन म्हणजे पत्र्याचा गोल घुमट. आत मधोमध दुर्बीण, एका बाजूला टेबल आणि स्क्रीन. बाहेर कोरड्या गवताचा उतार. उतारावर एकशे एक्केचाळीस मीटरवर सिमेंटचा एक खांब, आणि खांबाच्या माथ्यावर छोटा आरसा.

तो खांब म्हणजे स्टेशनचा वजनकाटा. त्याचं अंतर पक्कं ठाऊक असतं. आधी लेसर खांबावर मारायचा, यंत्र किती अंतर सांगतं ते बघायचं, मग उपग्रहाकडे वळायचं. दुकानदार काटा तपासून घेतो तसं. याला म्हणतात कॅलिब्रेशन.

हे काम तात्या करायचे. तात्या तिथले जुने तंत्रज्ञ. एकवीस वर्षं त्याच टेकडीवर, निवृत्तीला दोन महिने उरलेले. सुकलेल्या शेंगेसारखा माणूस, पण यंत्राच्या नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारा.

त्यांची एक सवय होती.

कॅलिब्रेशनच्या आधी ते न चुकता दारात जायचे. रिकाम्या उताराकडे तोंड करायचे. आणि हाळी द्यायचे...

"बाजूला व्हाऽऽ!"

उतारावर चिटपाखरू नसायचं. सगळीकडून कुंपण, खालचं फाटक कुलूपबंद.

"तात्या, कोणाला सांगता? गवताला?" मावशीने एकदा चेष्टेने विचारलं.

तात्या हसले नाहीत. "सांगितलेलं बरं असतं मॅडम," एवढंच म्हणाले.

त्या वर्षी नवं यंत्र आलं. परत येणारा प्रकाशाचा एकेक कण टिपणारं. जुन्या यंत्राला जिथे नुसतं धुरकट दिसायचं, तिथे याला मिलीमीटरचीही हालचाल दिसायची. मावशीने आणखी एक सुधारणा केली. कॅलिब्रेशन आपोआप व्हायला लागलं. उपग्रह नसेल तेव्हा दुर्बीण आपली आपण खांबाकडे वळायची, लेसर मारायची, आकडे साठवायची आणि चालू आलेख त्याच क्षणी मावशीच्या फोनवर पाठवायची. दारात जायला नको, बटण दाबायला नको.

हे सुरू झालं एका शुक्रवारी.

त्या दिवसापासून हाळी बंद झाली.

पुढच्या सोमवारी मावशी स्क्रीनसमोर डबा खात होती. पाऊण वाजला होता. एकशे एक्केचाळीस मीटरवर खांबाच्या ठिपक्यांची जाड रेघ उमटत होती, नेहमीसारखी.

आणि तिच्या खाली... आणखी एक रेघ.

फिकट. पण सरळ.

सत्त्याण्णव मीटरवर.

म्हणजे दुर्बीण आणि खांब यांच्या मध्ये काहीतरी होतं. त्याच्यावर आपटून थोडा प्रकाश परत येत होता.

मावशीने घास तोंडात तसाच ठेवून दार उघडलं. उतार मोकळा. वारा नाही, गवताचं पातंही हलत नव्हतं.

दीड वाजता रेघ गेली.

"कोळ्याचं जाळं असेल," ती स्वतःशीच म्हणाली. संध्याकाळी टेप घेऊन गेली, सत्त्याण्णव मीटर मोजले. जाळं नाही, काडी नाही. किरण तिथे तिच्या छातीच्या उंचीवरून जात होता.

मंगळवारी साडेबाराला रेघ परत आली.

चौऱ्याऐंशी मीटर.

बुधवारी एकाहत्तर.

मावशीने मागच्या नोंदी काढल्या. शुक्रवारी एकशे छत्तीस, शनिवारी एकशे तेवीस, रविवारी एकशे दहा. कोणी पाहिलं नव्हतं म्हणून कळलं नव्हतं.

रोज तेरा मीटर. खांबाकडून घुमटाकडे.

जे काही होतं... ते चालत येत होतं.

मावशी भित्री नाही. आजोबा म्हणायचे, या पोरीच्या पाठीत कणा नाही, पहार आहे. तिने आधी यंत्राला दोष दिला, मग वायरींना, मग स्वतःच्या डोळ्यांना. वायरी बदलल्या. रेघ तशीच. मग तिने ती रेघ स्क्रीनवर मोठी करून पाहिली.

ती सरळ नव्हती.

हलकी लाट होती तिच्यात. तीन-चार मिलीमीटर पुढे, तीन-चार मिलीमीटर मागे. पुढे, मागे. दोन लाटा छोट्या, एक लांब. पुन्हा दोन छोट्या, एक लांब.

मावशी बराच वेळ बघत बसली. मग नकळत तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

तिची छाती तशीच हलत होती. पुढे, मागे.

तिने झटकन स्क्रीन बंद केली.

गुरुवारी तिने तात्यांना दाखवलं. तात्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि ते तडक दारात गेले. दोन्ही हात तोंडापाशी धरले.

"बाजूला व्हाऽऽ!"

स्क्रीनवरची लाट थांबली.

रेघ होती. अठ्ठावन्न मीटरवर, जागच्या जागी. फक्त लाट नव्हती. एक सेकंद... दोन... सहा सेकंद.

कोणीतरी श्वास रोखून आवाज ओळखायचा प्रयत्न करावा... तसं.

मग लाट पुन्हा सुरू झाली. आधीपेक्षा जोरात.

तात्या आत आले. ओठ पांढरे पडले होते. "मला बरं वाटत नाही मॅडम," म्हणाले आणि निघून गेले.

मावशीने स्वतःला कामात गाडून घेतलं. सहा मिलीमीटरची चूक अजून सापडायची होतीच. बाकी सगळं तपासून झालं होतं. उरला होता एकच आकडा, खांबाचं अंतर. तिने जुनी फाइल काढली. १४१.३८८ मीटर. मोजणी एकवीस वर्षांपूर्वीची.

पण मोजणीच्या कागदांत शेवटचं पान नव्हतं. आणि आकड्याखाली मोजणाऱ्याची सही नव्हती.

ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे स्टेशनप्रमुख, खालच्या गावातल्या ऑफिसात बसायचे.

"नव्याने मोजून घेऊ," साहेब म्हणाले. "पण मोजणीची माणसं चार महिन्यांशिवाय येत नाहीत."

"तेव्हा कोणी मोजलं होतं?"

"माझ्या आधीची गोष्ट. अण्णा म्हणून सर्व्हेअर होते. काहीतरी अपघात झाला होता त्यांना." साहेबांनी खुर्ची मागे ढकलली. "जुनी मढी कशाला उकरता?"

मढी. मावशीने तोच शब्द धरला. "गेले का ते?"

"छे! जिवंत आहेत. पलीकडच्या गावात मुलाकडे असतात."

जिवंत आहेत...

मावशीला का कोण जाणे, हे ऐकून बरं वाटलं नाही.

सोमवारी दुपारी ती अण्णांच्या घरी पोचली. आदल्या दिवशी रेघ एकोणीस मीटरवर आलेली होती.

सुनेने दार उघडलं. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. आतल्या खोलीत खिडकीशी आरामखुर्चीत अण्णा बसले होते. उंच, दाढी केलेले, शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावलेली. दोन्ही डोळे उघडे. आणि दोन्ही डोळ्यांत दुधासारखा पांढरेपणा.

"टेकडीवरून आलात?" मावशी बोलायच्या आत त्यांनी विचारलं. "बसा. खांबाचं काय झालं?"

मावशीने सहा मिलीमीटरची गोष्ट सांगितली. ते ऐकता ऐकता खुर्चीत ताठ झाले.

"फाइलमध्ये किती लिहिलंय?"

"एकशे एक्केचाळीस पूर्णांक तीनशे अठ्ठ्याऐंशी."

"चूक!" ते ओरडले. "तीनशे ब्याऐंशी! मी तीनदा मोजलं होतं, शेवटचं वाचन घेत होतो. तीनशे ब्याऐंशी वाचलं, आणि..."

त्यांनी वाक्य सोडून दिलं. हवेत बोटाने काहीतरी पुसलं.

"तेवढंच शेवटचं वाचलं मी. या डोळ्यांनी."

मावशीने आकडा वहीत लिहिला. बरोबर सहा मिलीमीटरचा फरक. जगात कोणाला न सापडलेली चूक एका आंधळ्या माणसाच्या डोक्यात एकवीस वर्षं जपून ठेवलेली होती.

"त्या दिवशी घुमटात कोण होतं हो?" अण्णांनी अचानक विचारलं. "मला कोणी सांगितलं नाही. यंत्र आपोआप सुरू झालं म्हणाले. पण मी दारापर्यंत गेलो होतो. आत कोणीतरी होतं. श्वास ऐकला मी."

"मला... माहीत नाही," मावशी म्हणाली. खरंच माहीत नव्हतं. नुसता संशय होता.

साडेबारा वाजले. सून आत आली. "बाबांची झोपायची वेळ झाली. तासभर पडतात. तुम्ही बसा ना, चहा टाकते."

अण्णांनी मान मागे टेकली, आणि मिनिटाभरात झोपलेही.

खोलीत शांतता. फक्त त्यांचा श्वास...

दोन छोटे. एक लांब.

दोन छोटे. एक लांब.

 तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला. टेकडीवरचा आलेख आला होता.

रेघ होती. सहा मीटरवर.

मावशीने फोन मांडीवर ठेवला. एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा अण्णांच्या छातीकडे. लाट वर, छाती वर. लाट खाली, छाती खाली. झोपेत त्यांना ठसका लागला... आणि इथून पस्तीस किलोमीटरवरच्या टेकडीवर, रिकाम्या उन्हात, ती रेघ दचकली.

घुमटाची भिंत दुर्बिणीपासून साडेपाच मीटर. रेघ सहा मीटरवर. मधे अर्धा मीटर.

पुढे केलेल्या हाताएवढं अंतर.

अण्णा झोपेत पुटपुटले. त्यांचा उजवा हात उचलला गेला. तळवा पुढे करून हवेत चाचपायला लागला... आणि थांबला. जणू कशाला तरी टेकला.

ते जागे झाले. त्याच क्षणी फोनवरची रेघ नाहीशी झाली.

"लागली," अण्णा हसून म्हणाले. किती दिवसांनी हसत असतील कोण जाणे. "इतके दिवस तो उतार संपतच नव्हता हो. आज भिंत हाताला लागली. आता दार सापडेल."

मावशी चहा न घेता उठली.

संध्याकाळी तिने तात्यांना घुमटात गाठलं. सगळं सांगितलं. तात्या स्टुलावर बसून ऐकत होते. 'आत कोण होतं' हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं.

"नोकरी लागून तीन महिने झाले होते," ते म्हणाले. "तेव्हाचा लेसर आतासारखा मवाळ नव्हता. अण्णा खांबापाशी होते. मला बजावलं होतं, तासभर यंत्राला हात लावू नकोस. मी डबा खाऊन आलो. वाटलं, झालं असेल त्यांचं. दारात जाऊन बघायचं तरी. 'बाजूला व्हा' म्हणायचं तरी. चार अक्षरं जास्त बोललो असतो तर काय जीभ झिजली असती?"

"आणि?"

"बटण दाबलं. सेकंदाला पाच झटके होते मॅडम. पहिला त्यांच्या उजव्या डोळ्यात. काय झालं म्हणून त्यांनी मान वर केली... तेवढ्यात दुसरा डाव्यात."

त्यांनी पत्र्याच्या भिंतीकडे पाहिलं.

"मग ते चालत आले. पंख्याच्या आवाजाच्या रोखाने. पडत, उठत. या पत्र्यावरून हात फिरवत दार शोधत होते. 'आत कोण आहे? दार उघडा हो.' पाऊण तास."

"आणि तुम्ही?"

"मी कडी लावली."

"तात्या..."

"तोंड दाबून बसलो. ड्रायव्हर आला आणि त्यांना घेऊन गेला. मोजणीचा कागद वाऱ्याने उडाला होता. तेव्हाचे साहेब म्हणाले, लिही काहीतरी. आधीच्या वाचनांवरून मीच अंदाजाने आकडा टाकला."

"उद्या त्यांच्याकडे जा. पाय धरा. हवं तर मी येते बरोबर."

तात्यांनी मान हलवली. "उद्या मला कुठे जावंच लागणार नाही मॅडम. तुम्ही म्हणालात ना, भिंत लागली."

मंगळवार.

साडेबारा वाजले. दोघं घुमटात होते. दुर्बीण खांबाकडे वळली, लेसर सुरू झाला. मावशीने स्क्रीन पाहिली.

खांबाची जाड रेघ. बाकी काही नाही.

सहा मीटर नाही, पाच मीटर नाही. फिकट रेघ कुठेच नव्हती.

मावशीने सुटकेचा श्वास सोडला. "गेलं तात्या. नाहीये आज."

तात्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आणि मग तिलाही ऐकू आलं...

सर्र...

थप.

बाहेरून. पत्र्यावरून.

सर्र... थप.

तळहात घासत पुढे जायचा. थांबायचा. थोपटायचा. पुन्हा घासत पुढे. गोल भिंतीच्या कडेने. मावशीच्या पाठीमागून, डाव्या खांद्यामागून, खुर्चीला वळसा घालून...

दाराकडे.

सर्र... थप.

आता लाकडावर.

थप. थप.

तात्या उठले.

"उघडू नका!" मावशी ओरडली. निदान तिला वाटलं ती ओरडली. आवाज निघालाच नव्हता.

तात्यांनी कडी काढली. दार उघडलं. ऊन आत सांडलं.

बाहेर कोणी नव्हतं.

तात्या उंबरठ्यावर उभे राहिले. समोर त्यांच्याच उंचीवर, थोडं वर, बघत होते. माणसाच्या तोंडाकडे बघतात तसं.

"मीच होतो अण्णा," ते म्हणाले.

किती तरी वेळ काहीच झालं नाही. मग तात्यांनी डावा हात कोपरात वाकवून पुढे केला. आंधळ्या माणसाला आधार देताना करतात तसा.

मावशी शपथेवर सांगते, हे तिने स्पष्ट पाहिलं. तात्यांच्या बाहीवर सुरकुत्या पडल्या. चार. कापड आत दबलं... चार बोटांनी धरल्यासारखं.

"चला," तात्या म्हणाले. "इथे पायरी आहे. सावकाश."

आणि ते उतारावर चालायला लागले. एका बाजूला जागा सोडून. मधूनच बोलत. "दगड आहे हं... इकडून या." त्यांच्या पायाखालचं गवत दबत होतं.

त्यांच्या शेजारचंही.

मावशीने काय केलं?

तिने दार लोटलं. आणि कडी लावली.

दीड वाजेपर्यंत ती दुर्बिणीच्या पायाशी बसून होती. मग बाहेर आली. तात्या खांबाला टेकून गवतात बसले होते. अंगावर ओरखडा नाही.

"सोडलं त्यांना खांबापाशी," ते म्हणाले. "परत यायला निघालो, तर वाटच दिसेना. आता दिसायला लागलंय." त्यांनी मावशीकडे पाहिलं. "मॅडम, मी हाक मारली होती तुम्हाला. दारापर्यंत आवाज आला नाही का?"

मावशीला कोणतीही हाक ऐकू आली नव्हती.

त्या दिवसापासून रोज साडेबारा ते दीड तात्यांना दिसायचं बंद होतं. पूर्ण काळोख. दीड वाजला की पुन्हा सगळं लख्ख. डॉक्टरांनी चार तपासण्या केल्या, डोळे ठणठणीत निघाले. तात्यांनी रजा टाकली, ते पुन्हा टेकडीवर आले नाहीत.

मावशीने अण्णांचा आकडा यंत्राला दिला. सहा मिलीमीटरची चूक एका दिवसात गेली. पुढे मोजणीची माणसं आली तेव्हा त्यांनाही तेच सापडलं, तीनशे ब्याऐंशी. मिलीमीटरचाही फरक नाही. स्टेशन वाचलं. अभिनंदनाची पत्रं आली. फाइलमध्ये कारणाच्या रकान्यात साहेबांनी लिहायला लावलं, 'फेरमोजणी'. अण्णांचं नाव नाही. तात्यांचं तर नाहीच.

मावशीने सही केली.

आठ दिवस स्क्रीन स्वच्छ होती.

नवव्या दिवशी, साडेबाराला, एकशे चाळीस मीटरवर फिकट रेघ दिसली. खांबाच्या अगदी अलीकडे.

एक नाही.

दोन.

एकमेकींना लागून. एक दोन छोट्या आणि एक लांब लाटेची. दुसरी वेगळी, धापा टाकल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी एकशे सत्तावीस.

मग एकशे चौदा.

मावशीने साहेबांना सांगितलं. साहेब आलेख न बघताच म्हणाले, "नको ते ठिपके घेता कशाला? खांबाच्या पाच सेंटीमीटर अलीकडे-पलीकडे एवढंच यंत्राला बघू द्या. बाकी आलं तरी टिपायचंच नाही."

यात वावगं काही नव्हतं. सगळीकडे तसंच करतात. तरी मावशीला ते दहा दिवस जमलं नाही. डोळ्यांआड करण्यापेक्षा डोळ्यांसमोर बरं, असं वाटायचं.

रेघा दिसल्यापासून दहाव्या दिवशी त्या तेवीस मीटरवर होत्या. तिने अण्णांच्या सुनेला फोन केला.

"बाबा एकदम छान आहेत," सून म्हणाली. "दुपारी शांत झोपतात. झोपेत कोणाशी तरी गप्पा मारतात. काल हसू आलं मला, पण नंतर जरा भीतीच वाटली."

"काय म्हणत होते?"

"'या वेळी बाई आहे आत,' म्हणाले."

मावशीने फोन ठेवला. यंत्राची नजर पाच सेंटीमीटरवर आणली. बॅग भरली. आणि त्याच संध्याकाळी टेकडी उतरली. राजीनामा पोस्टाने पाठवला.

ते स्टेशन आजही चालू आहे. उत्तम आकडे देतं म्हणतात. यंत्र खांबाशिवाय काही बघत नाही, त्यामुळे उतारावर आता काय आहे, काय नाही, ते कोणालाच माहीत नाही. अण्णा तीन वर्षांपूर्वी गेले. तात्या आहेत. दुपारी तासभर अंधारात बसतात.

मावशी आता दुसऱ्या गावात, एका कॉलेजात शिकवते. काकांना यातलं निम्मंच ठाऊक आहे.

मी मागच्या महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. तेव्हाच तिने हे सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर मी म्हणालो, "पण मावशी, तुझा काय दोष? तू नुसती कडी लावलीस."



तेवढ्यात वाऱ्याने बाहेरचं दार आपटलं. मी उठून ते लावून घेतलं, कडी सरकवली.

मावशीने घड्याळाकडे पाहिलं. एक वाजायला पाच मिनिटं होती. ती उठली, कडी काढली, दार सताड उघडून त्याला वीट लावली. मग दारासमोरची माझी खुर्ची उचलून भिंतीशी नेली.

"तिथे नको बसूस," म्हणाली. "वाट मोकळी राहू दे."